‘९९ टक्के अचूक’ चाचणी आणि ‘संवेदनशीलता’

एका वाचकाने विचारले आहे की, वैद्यकीय चाचण्यांच्या बातम्यांमध्ये ‘ही चाचणी ९९ टक्के अचूक आहे’ असे वाक्य वारंवार येते. त्यातला ‘अचूक’ हा शब्द योग्य आहे का, आणि सेन्सिटिव्हिटी व स्पेसिफिसिटी यांसाठी रूढ झालेले ‘संवेदनशीलता’ व ‘विशिष्टता’ हेच शब्द वापरावेत की त्यांहून बरे काही आहे? ‘सुवर्णमानक’ (गोल्ड स्टँडर्ड, म्हणजे नवी चाचणी जिच्याशी ताडून पाहतात ती खात्रीची तपासणी) हा शब्द आपल्याला खटकतो, असेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

‘अचूक’पासून सुरुवात करतो. ज्यात चूक नाही ते अचूक, इतका हा शब्द सरळ आहे. नेम अचूक लागतो किंवा हुकतो. मधल्या पायऱ्या या शब्दाला मुळात नाहीत, आणि म्हणून ‘९९ टक्के अचूक’ ही रचना कानाला थोडी अडखळते. परंतु रूढीने असे पुष्कळ शब्द लवचीक केले आहेत, तेव्हा माझा आक्षेप तेवढ्यावर थांबत नाही. खरी अडचण अशी की चाचणी दोन निरनिराळ्या तऱ्हांनी चुकू शकते आणि ‘अचूक’ हा एकच शब्द त्या दोन्ही चुका एकाच पोत्यात भरतो. आजार असताना तो न सापडणे ही एक चूक. तिथे चाचणी हुकते. आजार नसताना तो आहे असे सांगणे ही दुसरी. तिथे लांडगा आलेला नसताना ‘लांडगा आला’ अशी ओरड होते. पहिल्या चुकीने उपचार लांबतात, दुसरीने निरोगी माणसाच्या मागे पुढच्या तपासण्यांचे आणि काळजीचे शुक्लकाष्ठ लागते. या दोन चुकांची बेरीज करून एक आकडा सांगितला, की त्यातली कोणती किती हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

हे आकड्यांत पाहू. समजा, १०,००० लोकांत एखादा आजार १०० जणांना आहे. आता कागदाची एक कोरी पट्टी घ्या, जी कोणालाही लावली तरी ‘आजार नाही’ एवढेच सांगते. तिचे उत्तर ९,९०० जणांच्या बाबतीत बरोबर ठरेल, म्हणजे ती पट्टी ९९ टक्के ‘अचूक’ आहे, आणि तिने एकही रुग्ण शोधलेला नाही. तिच्या शेजारी एक खरी चाचणी ठेवा, जी १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि ९,९०० निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांना, म्हणजे ९,४०५ जणांना, निरोगी म्हणते. तिची एकूण बरोबर उत्तरे ९,४९५. बातमीच्या भाषेत ही उपयोगी चाचणी कोऱ्या पट्टीपेक्षा कमी अचूक ठरते. ज्या शब्दाने असा निष्कर्ष निघतो, तो शब्द या कामाला अपुरा आहे असे मला ठामपणे वाटते.

म्हणूनच दोन मापे लागतात. जेकब येरुशल्मी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४७ साली, छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून क्षयरोग ओळखण्याच्या पद्धतींची तुलना करताना, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे शब्द आजच्या अर्थाने मांडले. आजार असलेल्यांपैकी किती जणांत चाचणी तो दाखवते, हे पहिले माप. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते, हे दुसरे. वरच्या उदाहरणात ती अनुक्रमे ९० आणि ९५ टक्के आहेत.

आता ‘संवेदनशीलता’. शास्त्रीय लेखनात हा शब्द पक्का रुजला आहे आणि त्याला हटवण्यात अर्थ नाही. मात्र सामान्य वाचकाच्या मनात संवेदनशील माणूस हळवा असतो, संवेदनशील भागात बंदोबस्त असतो आणि संवेदनशील त्वचेवर पुरळ येते. त्याहून मोठा घोटाळा प्रयोगशाळेच्या कागदपत्रांतच आहे. लघवीच्या ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ अहवालात प्रतिजैविकांची रांग असते आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. तिथे सेन्सिटिव्हिटी जिवाणूची असते, म्हणजे ते औषध त्या जिवाणूवर चालते की नाही, एवढेच सांगायचे असते. चाचणीसंचाच्या माहितीपत्रकात पुन्हा ‘विश्लेषणात्मक संवेदनशीलता’ येते, तिचा अर्थ नमुन्यातला पदार्थ किती कमी प्रमाणात असला तरी सापडतो असा, आणि किती रुग्ण ओळखले याच्याशी तिचा थेट संबंध नाही. अशा एका पत्रकाचे मराठी भाषांतर मी तपासत होतो, तेव्हा बारीक टायपातल्या दोन परिच्छेदांत पदार्थ सापडण्याचा आणि रुग्ण ओळखण्याचा हे दोन्ही अर्थ एकाच ‘संवेदनशीलता’ या शब्दाने, कोणतेही विशेषण न लावता, आलेले आढळले. भाषांतरकार चुकला होता असे म्हणवत नाही. त्याला मूळ शब्दच दुहेरी मिळाला होता.

बोलताना मी ‘पकड’ हा शब्द वापरतो: ‘या चाचणीची पकड ९० टक्के आहे.’ शंभरातले नव्वद हाती लागले, दहा निसटले, हे ऐकणाऱ्याला न समजावता समजते. ‘विशिष्टते’साठी मात्र माझे समाधान करणारा एकही सुटसुटीत शब्द मला मिळालेला नाही. ‘पारख’ सुचते, पण पारख म्हणजे खरे-खोटे दोन्ही ओळखणे, म्हणून ती दोन्ही मापांना लागू पडते. ‘विशिष्ट’ म्हणजे तर नुसते ‘अमुक एक’. तेव्हा इथे शब्दाऐवजी वाक्य लिहावे: ‘आजार नसलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना ही चाचणी निरोगी म्हणते.’

आणखी एक गल्लत इथेच होते. पकड ९० टक्के आहे, याचा अर्थ अहवाल पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता ९० टक्के, असा लावला जातो. वरच्या उदाहरणात ९० रुग्णांबरोबर ४९५ निरोगी लोकांचेही अहवाल पॉझिटिव्ह येतात; ५८५ पैकी खरे रुग्ण ९०, म्हणजे साधारण १५ टक्के. तीच चाचणी जिथे १,००० पैकी ३०० जणांना आजार आहे अशा गटात केली, तर ३०५ पॉझिटिव्ह अहवालांपैकी २७० खरे निघतात, म्हणजे सुमारे ८९ टक्के. चाचणी तीच, मापे तीच, केवळ माणसे बदलली. (या कारणासाठी पॉझिटिव्ह अहवालाच्या माणसाला लगेच ‘बाधित’ लिहू नये असे मला वाटते, तो शब्द चाचणीवरून थेट आजारावर उडी घेतो. ‘सकारात्मक’ हा शब्द तर आता उत्साहवर्धक या अर्थाला वाहिलेला आहे. ‘पॉझिटिव्ह’ सर्वांना कळतो, तो तसाच असू द्यावा.)

माणसांचा विषय निघालाच आहे, तर आकडा कोणावरून काढला हा प्रश्न शब्दाइतकाच महत्त्वाचा आहे. सीईए या, रक्तातील एक प्रथिन मोजणाऱ्या चाचणीचे उदाहरण बोलके आहे. १९६९ साली मोठ्या आतड्याच्या पुढच्या टप्प्यावरील कर्करोगाच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांत हा घटक वाढलेला आढळला आणि कर्करोग शोधण्याचे साधन सापडले अशी आशा निर्माण झाली. परंतु ते रोग बळावलेले रुग्ण होते. सुरुवातीच्या टप्प्यावरील रुग्णांत तो घटक पुष्कळदा वाढलेला नसतो, आणि यकृताच्या व आतड्याच्या इतर विकारांत, धूम्रपान करणाऱ्यांतही, तो वाढू शकतो. आज ही चाचणी प्रामुख्याने उपचारांनंतर लक्ष ठेवण्यासाठी वापरतात. निरोगी दिसणाऱ्यांत कर्करोग शोधण्यासाठी ती वापरत नाहीत. रॅन्सोहॉफ आणि फाइन्स्टाइन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ साली या प्रकारच्या फसगतीची मीमांसा केली. ठार आजारी आणि ठणठणीत अशी दोन टोके समोर ठेवली तर कोणतीही चाचणी हुशार दिसते. डॉक्टरला ती लागते ती मधल्या, धूसर माणसांसाठी.

‘पुरावा’ या शब्दाबद्दलही इथे थोडे बोलायला हवे, कारण मराठीत पुरावा म्हटले की प्रश्न मिटला असा सूर लागतो. सुदैवाने न्यायालयाच्या भाषेने आपल्याला पायऱ्या दिल्या आहेत: सबळ पुरावा, तोकडा पुरावा, परिस्थितिजन्य पुरावा. चाचण्यांच्या बाबतीत त्या मोकळेपणाने वापराव्यात. २० पैकी २० रुग्ण ओळखले म्हणून ‘१०० टक्के’ लिहिले जाते, पण एवढ्या लहान संख्येत ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची बरीच खात्री देता येते तो पट्टा, सुमारे ८३ पासून १०० पर्यंत पसरतो. हा पुरावा आहे, पण तोकडा.

राहिले ‘सुवर्णमानक’. तो शब्द मलाही परका वाटतो, कारण सोन्याच्या बाबतीतला आपला अस्सल शब्द आपल्याजवळ आहे. कसोटी म्हणजे सोने घासून पाहण्याचा दगड, संस्कृतातील कषपट्टिका. नवी चाचणी ती ‘चाचणी’, आणि जिच्यावर घासून तिची पत ठरवायची ती ‘कसोटी’, अशी वाटणी केली तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. शिवाय ‘कसोटी’ म्हटले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. घासणाऱ्याला आधीच्या चाचणीचा निकाल माहीत होता का? सगळेच नमुने घासले का? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. कसोटी त्रासदायक असली, उदाहरणार्थ शरीरातून ऊतीचा तुकडा काढावा लागत असला, तर अनेकदा ती फक्त पॉझिटिव्ह आलेल्यांवरच केली जाते. मग १०० रुग्णांपैकी ६० ओळखणारी चाचणी कागदावर १०० टक्के पकडीची दिसते, कारण निसटलेले ४० कसोटीपर्यंत पोहोचतच नाहीत. संशोधकांनी अशा अभ्यासांचे वृत्त कसे लिहावे, कोण वगळले गेले आणि का, हे सांगणारी स्टार्ड ही मार्गदर्शिका २००३ साली आली आणि २०१५ साली सुधारली गेली.

तेव्हा वाचकाने दिलेले वाक्य, आकडे उदाहरणादाखल घेऊन, मी असे लिहीन: ‘लक्षणे असल्यामुळे तपासणीला आलेल्या ६०० जणांवर ही चाचणी करण्यात आली आणि सर्वांची कसोटीने खातरजमा झाली; आजार असलेल्या २०० पैकी १८० जणांना तिने ओळखले, तर आजार नसलेल्या ४०० पैकी ३८० जणांना बरोबर वगळले.’ मथळ्यात एवढी जागा नसेल, तर ‘दहापैकी नऊ रुग्ण ओळखणारी चाचणी’ लिहावे आणि उरलेले अर्धे पहिल्याच परिच्छेदात द्यावे.