चिनी खेड्यात पहिलं पाऊल कुठून टाकायचं

चिनी खेड्यांवरच्या कादंबऱ्या वाचायच्या म्हटलं की, कादंबरीकार मो यानला २०१२ साली नोबेल मिळालं म्हणून बहुतेक जण त्याच्या शांतुंग प्रांतातल्या काओमी या गावाकडच्या कादंबऱ्यांपासूनच सुरुवात करतात आणि रक्तपात, ज्वारीची शेतं, काळाच्या उलटसुलट उड्या यांत हरवतात. तुम्ही तसं करू नका. आधी शेन त्सोंगवनची ‘सीमेवरचं गाव’ (१९३४) ही कादंबरी घ्या. पश्चिम हुनानातली नदी, दोरावर ओढली जाणारी नाव, म्हातारा नावाडी आणि त्याची नात, बस. घडत फारसं नाही, पण नदी कळली की माणसं कळतात.

मग शियाओ होंग ही लेखिका. तिच्या पुस्तकात चीनच्या ईशान्येच्या थंडीतलं हुलान गाव. तिथे रस्त्यात चिखलाचा एक मोठा खड्डा आहे. घोडे अडकतात, डुकरं बुडतात. कुणी म्हणतं शेजारची भिंत पाडा, कुणी म्हणतं कडेला झाडं लावा. मातीने बुजवा, असं मात्र कुणीच म्हणत नाही! उलट सोय अशी की रोगाने मेलेलं डुक्कर ‘खड्ड्यात बुडालेलं’ समजून स्वस्तात खाता येतं. हे वाचताना मी आधी हसलो, मग गप्प झालो.

दोन मापं डोक्यात ठेवा: एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, एक जिन म्हणजे अर्धा किलो. कुणाकडे तीन मू जमीन आहे म्हटल्यावर घरची ओढाताण लगेच दिसते. नावांची गल्लत होणारच. शेवटच्या पानावर पेन्सिलीने नातीगोती लिहीत जा.