सीमेवर ‘कधी अटक झाली आहे का?’ असे विचारले, तर स्वतःहून खरे सांगावे का?

‘त्यांना कळणारच नसेल, तर स्वतःहून कशाला सांगायचे?’ हे तुमच्या प्रश्नातील वाक्य वाचून उत्तर लिहायला बसलो, कारण नेमके हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षे माझ्या भावोजींच्या तोंडून ऐकत आलो आहे. अमेरिकेत २०१२ साली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुम्हाला शिक्षा झाली आणि आता गाडीने कॅनडात जायचे आहे, एवढे तुम्ही लिहिले आहे. तर पहिली गोष्ट अशी की त्यांना कळते. अमेरिकेतील गुन्ह्यांच्या नोंदी कॅनडाच्या सीमेवरील अधिकाऱ्यांना तिथल्या तिथे संगणकावर पाहता येतात.

माझा गुन्हा तुमच्यासारखाच, पण २००८ सालचा. कोणाला इजा झाली नव्हती. दंड आणि एक वर्षाचे प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या देखरेखीखाली राहणे, एवढ्यावर भागले. २०१५ च्या उन्हाळ्यात ताई, भावोजी, नऊ वर्षांचा भाचा आणि मी नायगाराचा धबधबा पलीकडच्या बाजूने पाहायला निघालो. पूल ओलांडून गाडी खिडकीपाशी थांबली, तेव्हा ‘कोणाला कधी अटक झाली आहे का?’ या प्रश्नाला स्टिअरिंगवर बसलेल्या भावोजींनी मागे वळूनही न पाहता सर्वांच्या वतीने ‘नाही’ असे सांगून टाकले. अधिकारी स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला आणि मग आम्हाला गाडी बाजूला लावून आत जायला सांगण्यात आले.

आत काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट उघडला, तो मिटू नये म्हणून त्यावर पेन आडवे ठेवले, आणि गाडीत दिलेले उत्तर माझेही समजायचे का, असे विचारले. मी नाही म्हणालो आणि सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. अटकेची तारीख मात्र मला न विचारता स्वतःच वाचून दाखवली. शेजारच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेल्या भाच्याचे पाय थांबले. ‘मामा, तुला पोलिसांनी पकडलं होतं?’ या त्याच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो. त्या दिवशी मला सर्वांत जड गेलेले उत्तर ते होते. प्रवेशाची विनंती मागे घेऊन परत फिरण्याची मुभा मला मिळाली. मला अमेरिकेच्या बाजूला सोडून ते तिघे पुन्हा पूल ओलांडून गेले, आणि मी धबधबा अलीकडूनच पाहिला.

भावोजी आजही म्हणतात की मी गडबडलो, ठामपणे ‘नाही’ म्हटले असते तर सोडले असते. हे चूक आहे आणि धोक्याचेही आहे. नोंद समोर दिसत असताना मी खोटे बोललो असतो, तर कॅनडाच्या स्थलांतर कायद्यातील कलम ४० नुसार खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षे प्रवेशबंदी ओढवली असती आणि जुन्या गुन्ह्याला नवा जोडला गेला असता. ‘एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतो’ हेही त्यांचेच पालुपद. अमेरिका परदेशी माणसाला प्रवेश देताना गुन्ह्यात नैतिक अधःपतन आहे का ते पाहते, आणि दारू पिऊन गाडी चालवण्याचा एखादा साधा गुन्हा सहसा त्यात बसत नाही. कॅनडा मात्र तेच कृत्य त्यांच्या कायद्याने कोणता गुन्हा ठरले असते, हे मोजतो. अमेरिकेत क्षुल्लक वाटलेले प्रकरण तिथे अडते ते यामुळे.

परत आल्यावर मी पुनर्वसनासाठी, म्हणजे जुना गुन्हा यापुढे कॅनडातील प्रवेशाच्या आड येऊ नये यासाठी, रीतसर अर्ज केला. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षे झाल्यावर तो करता येतो, आणि ही मुदत निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर दंड, प्रोबेशन असे सगळे संपल्यापासून मोजतात. निकालाची प्रमाणित प्रत आणि एफबीआयचा गुन्हे-नोंदींचा दाखला सहज मिळाला. दंड भरल्याची पावती मात्र मी केव्हाच फेकून दिली होती आणि तिच्या नकलेसाठी न्यायालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. मंजुरी यायला वर्षाहून अधिक काळ लागला. नंतरच्या प्रवासात मी ते पत्र पासपोर्टबरोबर पुढे केले, अधिकाऱ्याने ते वाचून परत दिले, आणि भावोजी म्हणाले, ‘बघ, काही विचारलंसुद्धा नाही.’

तुमचे प्रकरण माझ्यापेक्षा सोपे असावे. गुन्हा एकच असेल, त्यात कोणाला इजा झाली नसेल आणि शिक्षा पूर्ण होऊन दहा वर्षे उलटली असतील, तर बहुधा अर्जाविनाच तुमचे पुनर्वसन झाले असे मानले जाईल. १८ डिसेंबर २०१८ पासून कॅनडाने या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली असल्यामुळे त्यानंतरच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही. तुमचा त्याआधीचा आहे. तरी शेवटचा निर्णय खिडकीतल्या अधिकाऱ्याचा असतो आणि मी वकील नाही, त्यामुळे दुसरी एखादी नोंद असेल, तर निघण्यापूर्वी कॅनडाच्या स्थलांतर कायद्याचा वकील गाठा. निकालाची प्रत आणि दंडाची पावती जवळ ठेवा, आणि गाडी दुसरे कोणी चालवत असेल, तर तुमचे उत्तर तुम्हीच द्याल हे त्याला पुलाच्या अलीकडेच सांगून ठेवा.