आधी काइनाची गोष्ट वाचा

बायबलमध्ये माणूस आणि जमीन यांचं नातं कसं आहे हे शोधायला तुम्ही थेट लेवीय हे नियमांचं पुस्तक उघडलंत आणि नियमांच्या गर्दीत अडकलात. ते तूर्त बाजूला ठेवा. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, ४ था अध्याय घ्या आणि सावकाश वाचा. काइन शेतकरी, भाऊ हाबेलला शेतातच मारतो. हाबेलचं रक्त जमिनीतून देवाला हाक मारतं आणि शिक्षाही जमिनीकडूनच येते: कसलीस तरी ती तुला पीक देणार नाही. मी इथे दर वेळी थांबतो.

मग २ ऱ्या अध्यायाकडे मागे या. हिब्रूत माणूस ‘आदाम’, माती ‘अदामा’. मराठी भाषांतरात हे नातं कानाला लागत नाही, म्हणून दोन्ही शब्द वहीत लिहून ठेवाच.

आता लेवीय. १८ व्या अध्यायात दुराचाराने विटाळलेली भूमी रहिवाशांना ओकून टाकते. २५ व्यात दर सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारसारखा विसावा: पेरणी नाही, छाटणी नाही, आपोआप उगवेल ते मालक, मजूर, परका, गुरं, सगळ्यांचं. कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. इथे तोच विसावा शेताला आहे. तो नाकारला तर? बायबलमधल्याच ‘२ इतिहास’ या पुस्तकाचा शेवट पाहा: लोक बंदिवान होऊन बाबेलला (बॅबिलोनला), आणि ओसाड देश ७० वर्षं आपले शब्बाथ भोगतोय.

होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४ था अध्याय घाई न करता वाचा. खोटेपणा, खून, चोरी, व्यभिचार, आणि लगेच देश शोक करतो, समुद्रातले मासेसुद्धा नाहीसे होतात. तिथल्या ‘शोक करणे’ या हिब्रू क्रियापदाला ‘सुकून जाणे’ हाही अर्थ आहे.