उलट-सुलट : विणकामाच्या गटात काय वाटावं, काय वाटू नये

यंदा थंडी सरता सरता पत्रांचा ढीग आला आणि निम्म्याहून जास्त पत्रं गटांबद्दलची. पुण्यात स्वेटर घालायचे दिवस डिसेंबर-जानेवारीचे, तेही पहाटे पर्वती चढताना. पण विणणाऱ्यांचे गट मात्र बारमाही. जागा थोडी आहे, म्हणून निवडक पत्रंच घेतली आहेत.

प्रश्न : काकू, आमच्या सोसायटीत आठ-दहा जणींचा विणकामाचा गट आहे. दर गुरुवारी दुपारी बसतो, व्हॉट्सॲपवर ग्रुपही आहे. पण तिथे नुसते फोटो येतात आणि खाली ‘वा’, ‘किती गोड’ आणि अंगठे. एकीने बाळाचा सुंदर स्वेटर टाकला, मी वीण विचारली तर म्हणाली, ‘अगं, सोप्पी आहे, बघून येईल.’ मला बघून येत नाही. काय करू? — एक वाचक, कोथरूड

‘सोप्पी आहे’ म्हणणाऱ्या बायकांचा मी धसकाच घेतलेला आहे. त्यांना सांगायचं नसतं असं नाही, त्यांनी लिहून ठेवलेलं नसतं. स्वेटर झाला, नातवाच्या अंगात गेला, आणि टाके किती घातले होते ते डोक्यातून गेलं. मग ‘सोप्पी आहे’ म्हणून सुटका.

आमच्या गटात मी नियमच केला आहे. फोटो टाकायचा तर खाली माहिती हवी, नाहीतर आम्ही कौतुक करत नाही. वाईटपणा येतो, येऊ दे. माहिती म्हणजे काय, ते आमच्या वहीतल्या एका नोंदीवरूनच दाखवते : ‘बाळाचा स्वेटर, सहा महिने. बेबी लोकर, ॲक्रिलिक. सुया १० नंबर, म्हणजे ३.२५ मिमी; बॉर्डरला १२ नंबर. १० सेंमीत २८ टाके. पाठीला ६९ टाके, बॉर्डर एक सुलट एक उलट, ३ सेंमी. गळा डोक्यातून जाईना. डाव्या खांद्याची शिवण उसवून दोन बटणं लावली.’

यातली सगळ्यांत मोलाची ओळ शेवटची. पुस्तकातला नमुना कधीच सांगत नाही की गळा डोक्यातून जात नाही. ती ओळ वाचून पुढच्या बाईने गळ्याचे टाके दोन नंबर जाड सुईने बंद केले आणि तिचं काम बटणांशिवाय भागलं. कुठे अडलं ते सांगायला लोक लाजतात, आणि नेमकं तेच बाकीच्यांना हवं असतं.

दुसरं, वही ठेवा. खरी, कागदाची, जाड पुठ्ठ्याची. फोन बदलला की फोटो जातात, शिवाय ‘सुप्रभात’च्या गुलाबांखाली नमुना कुठे गाडला गेला ते शोधता शोधता चहा गार होतो. वहीत लोकरीचं लेबल चिकटवायचं, शेजारी वीतभर लोकर बांधून ठेवायची. गुरुवारी वही मध्ये ठेवली की ज्या बाईला बघून येत नाही ती लिहून घेईल. आणि तुमची ती ‘सोप्पी आहे’वाली मैत्रीण? तिला पुढच्या गुरुवारी तो स्वेटर घेऊन यायला सांगा आणि शेजारी बसून टाके मोजा. विणलेल्या कापडात सगळं लिहिलेलं असतं, फक्त मोजायला चष्मा लागतो.

प्रश्न : मुलीने अमेरिकेहून विणकामाचं पुस्तक आणि त्यातलीच लोकर पाठवली. पुस्तकात ८ नंबरच्या सुया होत्या, मी तुळशीबागेतून ८ नंबरच्याच आणल्या. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, तरी कार्डिगनची बटणं लागत नाहीत. गटातल्या सगळ्या म्हणतात, तुमचा हात घट्ट आहे. — एक वाचक, सिंहगड रस्ता

तुमचा हात निर्दोष आहे. गटाला माझ्यातर्फे सांगा.

आपल्या दुकानांत मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुन्या इंग्रजी पद्धतीचे नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलट, नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर ४ मिमीची, त्यांची ८ नंबर ५ मिमीची. तुम्हाला हवी होती आपल्याकडची ६ नंबर. ‘१०’ला तर आणखी गंमत : आपली ३.२५ मिमी, त्यांची ६ मिमी.

एका मिलिमीटरने असं काय बिघडतं, असं वाटेल. समजा पुस्तकात १० सेंमीला १७ टाके आहेत आणि छाती १०० सेंमी. म्हणजे १७० टाके. बारीक सुईवर तुमचे १० सेंमीत २० टाके बसले, तर त्याच १७० टाक्यांचे होतात ८५ सेंमी. पंधरा सेंमी गेले, मग बटणं कशी लागणार?

आता उसवा. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून न पिळता सावलीत वाळवा. कुरळेपणा जातो. आणि पुन्हा सुरू करण्याआधी एक चौकोन विणून १० सेंमीत किती टाके येतात ते मोजा. त्या चौकोनाचा कंटाळा सगळ्यांना येतो, मलाही येतो, तरी विणा. गटात नमुना देताना नुसता नंबर कधीच लिहू नका, मिमी लिहा. क्रोशावाल्यांनीही सावध राहावं : अमेरिकन पुस्तकात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच इंग्लंडच्या पुस्तकात डबल क्रोशे म्हणतात. पुस्तक कुठलं छापलेलं आहे ते आधी बघायचं.

प्रश्न : मी पैसे भरून एका शालीच्या नमुन्याची पीडीएफ घेतली. गटातल्या बारा जणी म्हणतात, ग्रुपवर टाक. नाही म्हटलं तर कंजूष ठरते. — एक वाचक, सहकारनगर

ठरा कंजूष. ज्या बाईने तो नमुना बसवला, तीन-तीनदा विणून तपासला, तक्ते काढले, तिची ती कमाई आहे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लिहिलेला मजकूर, आकृत्या, फोटो यांवर हक्क लेखकाचा, आणि तो त्याच्या निधनानंतरही ६० वर्षं चालतो. मासिकातलं पान फोनवर टिपून फिरवणं हाही तोच प्रकार, फक्त त्याची आपल्याला सवय झाली आहे.

पण उगाच घाबरूनही जाऊ नका. वेणीची वीण, जाळीची वीण, दोन सुलट दोन उलट यांवर कोणाची मालकी नाही. आजीच्या वहीतली वीण खुशाल सगळ्यांना द्या. तुमची झालेली शाल गटात न्या, सगळ्यांना हाताळू द्या, कुठली लोकर घेतली, किती ग्रॅम लागली ते सांगा. आणि नमुन्याचं नाव व करणारीचं नाव द्या, म्हणजे ज्यांना हवा त्या विकत घेतील. फुकटचेच हवे असतील तर रॅव्हलरी या संकेतस्थळावर (२००७ पासून चालू आहे) मोफत नमुने वेगळे काढून बघता येतात. तिथलीही फाइल फिरवू नका, पत्ता द्या. करणारीने नंतर चूक दुरुस्त केली तर पत्त्यावर दुरुस्त नमुना मिळतो, फिरलेली फाइल चुकीचीच राहते.

प्रश्न : आमच्या गटात उरलेल्या लोकरीची देवाणघेवाण होते. मी एकीकडून मोरपंखी रंगाचे दोन गुंडे घेतले, माझ्याकडच्या तीन गुंड्यांना तंतोतंत जुळत होते. विणल्यावर उन्हात मध्येच पट्टा दिसतो. — एक वाचक, विश्रांतवाडी

लॉट वेगळा. लेबलावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचा क्रमांक असतो. रंगाची प्रत्येक भट्टी थोडी वेगळी उतरते, आणि ट्यूबलाइटखाली ते फसवतं. पुढच्या वेळी लॉट जुळत नसेल तर दोन्ही गुंडे एकदम चालू ठेवा, दोन ओळी याच्या, दोन त्याच्या. पट्टा विरून जातो.

उरलेली लोकर बिनलेबलाची आली, तर ती कशाची आहे ते जाळून बघायचं. बोटभर धागा चिमट्यात धरून, सिंकवर. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर. कागदासारखी जळली तर सुती. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. वीण मरते आणि परत उठत नाही.

प्रश्न : माझे यजमान निवृत्त झाल्यावर माझ्याकडून विणायला शिकले, आता माझ्याहून सफाईने विणतात. त्यांना गटात यायचंय. दोघी-तिघींनी नाकं मुरडली. — एक वाचक, नारायण पेठ

न्या. पेरू देशात तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर सुयांवरचं विणकाम पुरुषच करतात, मुलगे लहानपणी टोपी विणायला शिकतात, आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोची मान्यता आहे. नारायण पेठेला तेवढं चालायला हरकत नसावी. ज्यांनी नाकं मुरडली त्यांची वीण बिघडली की ती यजमानांकडे सोडवायला द्या. दोन गुरुवारांत प्रश्न मिटेल.

प्रश्न : गटात ‘बातम्या’ म्हणून नुसत्या सेलच्या जाहिराती येतात. खरी बातमी म्हणून काय सांगावं? — एक वाचक, औंध

कुठल्या दुकानात सुती धागा आला, कोणाची सुई मोडली आणि जोडी कुठे जुळली, कोण कुठे शिकवतंय. आणि ही एक पक्की : २००५ पासून जूनचा दुसरा शनिवार जगभर चारचौघांत बसून विणायचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे नेमका तेव्हाच पाऊस सुरू होतो, म्हणून बागेचा बेत करू नका. छप्पर असलेली जागा आधी ठरवा.

प्रश्न : गटाने मिळून रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोप्या विणायचं ठरवलंय. गोंडे लावू का? — एक वाचक, बिबवेवाडी

गोंडे नकोत, बटणं नकोत, रिबिनी तर नकोतच. पण त्याआधी एकीने नवजात अतिदक्षता विभागातल्या सिस्टरना विचारून या. काही ठिकाणी बाहेरचे कपडे घेत नाहीत, काही ठिकाणी फक्त सुती चालतात. पन्नास टोप्या विणून झाल्यावर हे कळलं की गट फुटतो.

घेत असतील तर मापं लेखी आणा. दीड किलोच्या बाळाचं डोकं २८-२९ सेंमी घेराचं, मोठ्या मोसंबीएवढं असतं, आणि आपण सगळ्या सवयीने मोठ्याच टोप्या विणतो. जाळीची वीण घेऊ नका, बोटं अडकतात. शिवण आतून टोचते, म्हणून गोल विणा, नाहीतर शिवण सपाट घाला. धाग्याचं टोक बाहेरून लपवा.

कोणीतरी ऑक्टोपसचा फोटो दाखवेल. ती कल्पना डेन्मार्कमध्ये २०१३ साली निघाली. क्रोशाचा ऑक्टोपस बाळाजवळ ठेवतात, बाळ त्याचे पाय धरून ठेवतं आणि नळ्या ओढत नाही असं सांगतात. तो करायचा तर डॉक्टरांनी मागितला तरच. धागा शुद्ध सुती, ६० अंशांच्या पाण्यात धुता येईल असा, आणि पाय ताणून २२ सेंमीपेक्षा लांब नकोत.

टोप्या धुऊन, मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत घालून, पिशवीवर घेर सेंमीत लिहून द्या. सिस्टरना मध्यरात्री एका हाताने शोधायच्या असतात.