वस्ती पाडतानाचा व्हिडिओ कोर्टात टिकतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: महापालिकेने वस्ती पाडताना झालेली मारहाण तुमच्या गटातल्या एका मुलीने मोबाइलवर टिपली, क्लिप सगळीकडे फिरली, तरी अधिकारी म्हणतात असं काही घडलंच नाही. असा व्हिडिओ हाताशी धरून वकील एवढ्या मोठ्या यंत्रणेला जाब विचारू शकतो का?

विचारू शकतो. मी मराठवाड्यात वकिली करते आणि अशी बरीच प्रकरणं हाताळली आहेत. पण व्हिडिओ आहे म्हणजे केस जिंकली, ही समजूत आधी सोडा. त्या समजुतीपायी लोक पुढची सगळी कामं राहू देतात.

मला सर्वात जवळचं वाटणारं उदाहरण पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँकमधलं आहे. निलीन नावाचं गाव, ७ जुलै २००८. अश्रफ अबू रहमा या माणसाचे हात बांधलेले, डोळ्यांवर पट्टी, आणि त्याला लष्करी जीपपाशी उभं केलेलं. एका अधिकाऱ्याने त्याचा दंड धरलाय आणि शेजारचा सैनिक अगदी जवळून त्याच्या पायावर रबरी आवरणाची गोळी झाडतो. समोरच्या घराच्या खिडकीतून सतरा वर्षांची एक मुलगी हे चित्रित करत होती. बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संघटनेने तो व्हिडिओ जगापुढे आणला. मग काय झालं? लष्कराच्या मुख्य विधी अधिकाऱ्याने आरोप ठेवला तो 'अशोभनीय वर्तना'चा. म्हणजे गणवेशाला न शोभणारं वागणं! त्यात दोषी ठरलं तरी गुन्हेगार म्हणून नोंदही होत नाही.

वकिलांचं खरं काम इथून सुरू झालं, म्हणून मी हे सविस्तर सांगतेय. अबू रहमा आणि मानवी हक्क संघटना इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी नेमकी होती: जे दिसतंय त्याला साजेसं कलम लावा. मुद्दा उरला तो एवढाच की व्हिडिओत दिसणारी गोष्ट आणि कागदावरचा आरोप यांचा मेळ बसतो का. १ जुलै २००९ रोजी न्यायालयाने सांगितलं की बसत नाही, हा निर्णय कमालीचा अवाजवी आहे. आरोप बदलावे लागले आणि २०१० मध्ये दोघेही दोषी ठरले. २०११ च्या शिक्षेत मात्र तुरुंग नव्हता. सैनिकाचा हुद्दा उतरवला आणि अधिकाऱ्याची बढती दोन वर्षं लांबणीवर टाकली. ही शिक्षा वाचून मला अजूनही चीड येते. तरीही तो निकाल मला मोलाचा वाटतो, कारण आरोप कुठला ठेवायचा हे ठरवताना लष्करालाही मनमानी करता येत नाही, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे.

आणखी एक. व्हिडिओ बाहेर आल्यावर काही दिवसांतच त्या मुलीच्या वडिलांना एका निदर्शनात अटक झाली. तुमच्या गटातल्या मुलीचा विचार आत्ताच करा. तिचं नाव पोस्टवर असेल तर आजच काढा, आणि तिला एकटीला कुठेही जबाब द्यायला पाठवू नका.

दुसरं उदाहरण धडा म्हणून सांगते. ३ मार्च १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये पोलीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला दंडुक्यांनी मारत होते आणि समोरच्या बाल्कनीतून जॉर्ज हॉलिडे नावाचा माणूस ते टिपत होता. सगळ्या जगाने ती टेप पाहिली. तरी एप्रिल १९९२ मध्ये राज्याच्या कोर्टात चारही पोलीस मारहाणीच्या आरोपातून जवळपास पूर्णपणे सुटले. बचाव पक्षाच्या वकिलांनी तीच टेप एकेक चौकट थांबवून दाखवली आणि प्रत्येक चौकटीत ज्युरींना किंग उठू पाहतोय, अंगावर येतोय असं सांगत राहिले. टीव्हीवर वारंवार दिसलेल्या तुकड्यात सुरुवातीचे काही सेकंद नव्हते. नेमक्या त्याच सेकंदांत किंग पोलिसांच्या दिशेने धावताना दिसतो आणि बचावाने ते उचलून धरले. पुढे १९९३ मध्ये नागरी हक्कांच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टातल्या खटल्यात त्यांतल्या दोन पोलिसांना तीस महिन्यांची कैद झाली, १९९४ मध्ये किंगला ३८ लाख डॉलरची भरपाई मिळाली. पण त्याआधी शहर पेटलं होतं आणि पन्नासहून जास्त माणसं गेली होती.

म्हणून मी अशिलांना पहिल्याच भेटीत विचारते: आधीचं आणि नंतरचं कुठे आहे? आपल्या बाजूला अडचणीचं वाटणारं दृश्य असलं तरी ते आपणच आधी कोर्टापुढे ठेवायचं. समोरच्याने काढलं की ते दुप्पट जड जातं.

आता आपल्याकडचं. एकदा एक बाई काच तडकलेला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, सगळं यात आहे." उघडलं तर व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली चाळीस सेकंदांची क्लिप, वरून कुणीतरी गाणं चढवलेलं. मूळ चित्रण पुतण्याच्या फोनमध्ये होतं. जागा भरली म्हणून त्याने फोन रीसेट केला होता. बाईंचं म्हणणं खरं होतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, पण ती क्लिप मी पुराव्यात आणू शकले नाही.

कायदा काय म्हणतो ते जालन्याच्या खटल्यावरून नीट कळतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला, असा विरोधकांचा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. चित्रणाची प्रत कुठल्या उपकरणावरून, कशी काढली हे लिहून देणारं प्रमाणपत्र सोबत लागतं, ते अधिकारी देईनात. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र मूळ उपकरणच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. आणि प्रमाणपत्र मिळवण्यासाठी माणसाने हातात होतं ते सगळं केलं असेल, तर त्याला अशक्य गोष्टीसाठी अडवून धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. एक सेकंद जरी कापला तरी ती बदलते.

पोलीस ठाण्यात चित्रण केलं म्हणून शासकीय गुपितांचा कायदा लावण्याची धमकी कुणी दिली, तर घाबरू नका. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्येच दिला आहे.

तेव्हा ज्या फोनवर चित्रण झालं तो वापरणं आजपासून बंद करा. दुरुस्तीला देऊ नका, विकू नका. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने नाही, केबल लावून दोन ठिकाणी उतरवा आणि तिचं नावसुद्धा बदलू नका. त्या मुलीला स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगा: ती कुठे उभी होती, किती वाजता सुरू केलं, का थांबवलं. आठवण ताजी आहे तोवरच. महापालिकेने स्वतः कारवाईचं चित्रण केलं असेल, तर ते जपून ठेवा म्हणून आयुक्तांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याची प्रत मागण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा करा.

फोन, ते हस्तलिखित आणि पोच घेऊन तुमच्या जवळच्या वकिलाकडे जा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.