न्यूझीलंडच्या मशीनसाठी बारा लाख?

पाटण तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचा लाकडाचा ठेका आहे, मुलगा बारावी सायन्सला. डोंगरावरचे ओंडके तारेवरून वर ओढणाऱ्या मशीनचे न्यूझीलंडचे व्हिडिओ तो रात्र रात्र बघतो आणि तिकडे ऑपरेटर व्हायचं म्हणतो. एक एजंट १२ लाखांत काम करून देतो म्हणालाय. ‘जमीन गहाण टाकू का?’ असं त्यांनी विचारलंय.

राम राम.

जमीन गहाण टाकू नका. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या रिक्रुटिंग एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. न्यूझीलंडच्या कायद्यातही नोकरी देण्याच्या बदल्यात पैसे घ्यायला मालकाला बंदी आहे. मग १२ लाख कशाचे, ते एजंटाकडून लेखी मागा. बहुतेक त्याचा पुन्हा फोन येणार नाही.

आता मुलाचं. त्याची आवड मला पोरकट वाटत नाही. त्या मशीनला यार्डर म्हणतात. माथ्यावर लोखंडी मनोरा उभा करून तो तारांनी बुंध्यांना बांधतात, समोरच्या उतारापर्यंत जाड वायररोप ताणतात आणि त्यावरून एक गाडा धावतो. ओंडक्याचं एक टोक उचललं गेलं की जमीन फारशी खरवडत नाही. आपल्याकडे ओंडका ओढत आणला की चर पडतो आणि दोन पावसाळ्यांत त्याची घळ होते, हे मी तुम्हाला काय सांगणार!

पण ऑपरेटरची खुर्ची पहिल्या दिवशी मिळत नसते. सुरुवात खाली, उतारावर: ओंडक्याला तारेचा फास अडकवायचा, बाजूला सुरक्षित जागी जायचं, मग रेडिओवर इशारा द्यायचा. तार तुटली किंवा ओंडका सुटला तर सापडतो तो हाच माणूस. २०१३ या एका वर्षात न्यूझीलंडच्या जंगलकामात १० कामगार गेले आणि त्यानंतर सगळ्या धंद्याच्या सुरक्षेची चौकशी झाली. व्हिडिओत हे दिसत नाही.

आणि हे मशीन शिकून तो परत आला, तर पाटणात चालवणार कुठे? तिकडे लावलेल्या पाइनचे डोंगरच्या डोंगर २५-३० वर्षांनी एकदम तोडतात. आपल्याकडे कोयना आणि चांदोली २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. मालकीच्या रानातही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, ते हेलपाटे तुम्ही घातलेच असतील. शिवाय सगळं एकदम तोडण्याचे भोग तिकडेही आहेत. फेब्रुवारी २०२३ च्या गॅब्रिएल वादळात उतारावर टाकलेल्या फांद्या-ओंडक्यांचे ढीग पुराबरोबर नद्यांत आले, पुलांवर आदळले, समुद्रकिनारे भरून गेले. झाड तोडल्यावर मुळं लगेच माती सोडत नाहीत, ती कुजत जातात; नव्या झाडांची मुळं माती धरेपर्यंतची मधली वर्षं धोक्याची.

म्हणून माझं मत असं, की पोरानं आधी उतार शिकावा. पाऊस पडला की माती का सुटते, रस्ता कुठून काढायचा, कुठलं झाड तोडायचं आणि कुठलं ठेवायचं. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या तेव्हा तो शाळेत असेल. त्या डोंगराखाली अजून गावं आहेत आणि हे कळणारी माणसं कमी आहेत.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राची चार वर्षांची पदवी आहे, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठातही आहे. प्रवेश एमएचटी-सीईटीवर. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. करता येतं, तिथं लाकूडशास्त्राचाही वेगळा अभ्यासक्रम आहे. सरकारी नोकरी हवी तर एमपीएससीची वनसेवा: वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक. त्यात मुलांना चार तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. पुण्या-मुंबईची पोरं तिथं दमतात, तुमच्या पोराला ते रोजचंच वाटेल. मशीनचंच वेड टिकलं, तर पदवीनंतर क्राइस्टचर्चचं कँटरबरी विद्यापीठ आहे, तिथं वन अभियांत्रिकी शिकवतात. तेव्हा तो एजंटाशिवाय, स्वतःच्या गुणांवर जाईल. मला स्वतःला दापोली पहिली वाटते. खर्च झेपण्यासारखा आणि घाटाखालीच आहे.

तोवर सुट्टीत त्याला ठेक्यावर न्या, पण नुसतं कटर हातात देऊ नका. मुकादमाबरोबर फिरू द्या. झाड कुठल्या अंगाला पाडायचं हे मुकादम कशावरून ठरवतो, ते वहीत लिहू द्या. परवान्याचा अर्जही त्यालाच भरायला लावा.

एक गोष्ट पत्रात नाही. त्यानं गणित घेतलंय की नुसतं बायोलॉजी? गणित असेल तर सिव्हिल करून पुढे भू-तांत्रिक अभियांत्रिकी, म्हणजे दरडी आणि घाटरस्त्यांचं काम, हीही वाट उघडी आहे. ते कळवा, आणि पुढचं पत्र त्यालाच लिहायला सांगा.