हव्वेची बाजू मांडणारी एमिलिया लॅनियर

प्रश्न: एमिलिया लॅनियर ही इंग्रजीतली पहिली कवयित्री का?

नाही. इझाबेला व्हिटनीच्या कविता १५६७ सालीच छापून आल्या होत्या. पण १६११ साली एमिलियाने स्वतःच्या नावाने काव्यसंग्रह काढला आणि त्यातली अर्पणं इंग्लंडची राणी अ‍ॅन हिच्यापासून कवयित्री मेरी सिडनीपर्यंत एकजात बायकांना केली. आश्रय मागायचा तो बायकांकडेच, हे धाडस मला फार मोठं वाटतं.

प्रश्न: या संग्रहातली येशूच्या वधस्तंभावरची धार्मिक कविता स्त्रीवादी कशी?

बायकांवर हुकमत चालवायला त्या काळी बायबलचाच आधार दिला जाई: हव्वेने, म्हणजे पहिल्या स्त्रीने, देवाने मना केलेलं फळ खाल्लं आणि पहिला पुरुष आदाम यालाही दिलं, म्हणून बाईने पुरुषाच्या धाकात राहायचं. एमिलिया भांडते ती त्याच जमिनीवर उभी राहून. रोमन सुभेदार पिलातापुढे येशूचा निवाडा चालू असताना त्याची बायको नवऱ्याला निरोप धाडते, या नीतिमान माणसाच्या वाटेला जाऊ नका. हा प्रसंग शुभवर्तमानात एका ओळीचा आहे. तिथे थांबून एमिलिया हव्वेचं वकीलपत्र घेते. हव्वा भोळी होती, सापाने तिला फसवलं. आदामाला कोणी फसवलं? देवाची आज्ञा थेट त्याला मिळालेली, ताकदही त्याचीच जास्त. तो नको म्हणाला असता तर त्याला कोण भाग पाडणार होतं? शिवाय ज्या ज्ञानाचा पुरुष तोरा मिरवतात, ते तर हव्वेच्याच हातून मिळालं! आणि आता तुम्ही देवाच्या पुत्राला मारायला निघालात. तुमचा अपराध मोठा, मग आम्हाला बरोबरीचं मानायला का नाकारता? आमचं स्वातंत्र्य आम्हाला परत द्या.

दया मागण्याचा सूर इथे कुठेही नाही.

प्रश्न: शेक्सपिअरच्या सुनीतांमधली ‘डार्क लेडी’, म्हणजे ती सावळी, अनामिक प्रेयसी, हीच का?

इतिहासकार ए. एल. राउस यांनी १९७३ साली तसा दावा केला. त्या काळचा ज्योतिषी सायमन फोरमन याच्या टिपणांत तिच्याबद्दल आलेला एक शब्द त्यांनी ‘ब्राउन’, म्हणजे सावळी, असा वाचला होता. तो निघाला ‘ब्रेव्ह’. पुरावा काहीच नाही. तिचं स्वतःचं पुस्तक समोर असताना तिला दुसऱ्याच्या कवितेत शोधत बसणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न: तिचं आयुष्य कसं गेलं?

ओढगस्तीत. वडील व्हेनिसहून आलेले दरबारी वादक, ती सात वर्षांची असताना वारले. वयाने खूप मोठ्या लॉर्ड हन्सडन या दरबारी उमरावापासून दिवस गेल्यावर १५९२ साली तिचं लग्न वादक अल्फोन्सो लॅनियरशी लावून दिलं गेलं. १६१३ साली वैधव्य आलं. मग तिने लंडनमध्ये शाळा चालवली, पैशांसाठी सासरच्यांशी कोर्टकज्जे केले. १६४५ साली ती गेली.

प्रश्न: सुरुवात कुठून करावी?

‘द डिस्क्रिप्शन ऑफ कुकहॅम’पासून. उमराव घराण्यातली मार्गारेट क्लिफर्ड आणि तिची मुलगी अ‍ॅन यांच्या सहवासात कुकहॅम या गावच्या वाड्यात घालवलेल्या दिवसांची ही कविता. कुकहॅम सोडताना मार्गारेट आवडत्या ओकच्या झाडाचा मुका घेते. एमिलिया हलक्या दर्जाची, तिच्या वाट्याला तो यायचा नाही. ती झाडावरून तो मुका चोरते आणि दुसऱ्यांदा झाडाला ओठ लावत नाही, न जाणो परत जाईल म्हणून.